जास्तीचे दहा

जिंतूर आगारात रात्री साडेनऊनंतर
खिडकीच्या गजांतून पैसे आत येतात
आणि मी वासावरून गाडी ओळखतो.
नोटेला हळदीचं बोट लागलेलं, म्हणजे वसमत.
कापसाचा तंतू चिकटलेला, सेलू.
ओलसर, मासळीच्या वासाची,
पदराच्या गाठीत चुरगळलेली आली की येलदरी.
परभणी जलदला वासच नसतो.
तिथं लोक आता मोबाइल दाखवतात,
पैसा परस्पर कुठंतरी निघून जातो
आणि मला नुसता त्याचा आकडा भेटतो.

वेबिल, मशीनचा कागद, रोकड.
तिघं एका ओळीत उभे राहिले की माझी सही.
कमी पडले तर कंडक्टरच्या खिशातून,
हे कुणालाही कळतं.
जास्त निघाले तरी गुन्हा,
हे मात्र सतरा वर्षांत बायकोला पटवता आलं नाही.
'जास्त आले तर वाईट काय त्यात?'
अगं, जास्त म्हणजे
कुणाकडून तरी पैसे घेतले नि तिकीट दिलंच नाही.
'मग त्यानं ते खिशात का नाही घातले?'
यावर माझ्याकडं परिपत्रक नाही.

मुंजाजी ढगेची येलदरीची गाडी
दर मंगळवारी दहानं जास्त.
पहिल्यांदा मी लिहिलं, सुटे राहिले.
दुसऱ्यांदाही तेच.
तिसऱ्यांदा पेन उचललं जाईना.
मुंजाजी, खरं सांग.

धरणाच्या अलीकडं एक फाटा आहे,
तक्त्यात नाही, नुसती बाभूळ.
तिथं सोजरबाई चढते, पंच्याहत्तरच्या पुढची.
कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी चोळीत.
मशीन तिला शून्य रुपयांचं तिकीट देतं.
ती ते कपाळाला लावते
आणि दहाचं नाणं बॅगेत टाकते.
'आजी, तुमाला फुकट हाय.'
'माजं वज्जं पडतंय ना तुज्या गाडीवर?
मंग?'

दहाचं नाणं बाजारात कुणी घेईना
म्हणून इथं खपवते का, मी विचारलं.
मुंजाजी हसला नाही.
एकदा त्यानं नाणं परत दिलं होतं,
तर गाडी थांबवून ती उतरली,
उन्हात पाठ करून उभी राहिली.
मागच्या सीटवरच्या बायांनी मग त्याला
जिंतूर येईपर्यंत सोडलं नाही.

मार्चअखेरीला पथकाची जीप आडवी लागली.
माणसं मोजली, तिकिटं मोजली,
टोपलीतल्या कोंबड्यासुद्धा विचारून झाल्या.
मग बॅग मोजली.
'ते दहा माजे हायत,' सोजरबाई बोलली.
तपासणीसानं तिचं तिकीट उजेडात धरलं.
'तुमचे कसे असतील, आजी?
तुम्ही तर मोफत.'

जबाबात मुंजाजीनं एकच शब्द लिहिला, चुकीने.
वर्षाची वाढ अडकली.
पुढच्या मंगळवारी
बॅगेत पुन्हा दहा जास्त.
मी ते संकीर्णमध्ये जमा केले,
कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.
ऑडिटवाल्याला ती रेघ
माझ्या अक्षरासारखीच वाटली असावी.

काल मंगळवार होता.
वेबिल, कागद, रोकड,
तिघं एका ओळीत, पैशाला पैसा.
सहीसाठी पेनचं टोपण काढलं
तर मुंजाजी गज धरून उभाच.
'परत मोजा.'
परत मोजले. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी,
फाटक्या नोटांना चिकटपट्टी, त्या वेगळ्या.
जुळले.
'बॅगेचा आतला कप्पा बघा.'
आतल्या कप्प्यात त्याची तंबाखूची पुडी,
एक पंच, जुन्या काळातला, गंजलेला.
मागं सेलूचा कंडक्टर खोळंबला होता,
घरी जायची घाई, शिव्या तोंडातल्या तोंडात.
'अजून एकदा,' मुंजाजी म्हणाला.

मी पेनला टोपण लावलं
आणि सगळी नाणी पुन्हा टेबलावर ओतली.